मदत हवी आहे: सोसायटीच्या भिंतीवर बिबट्या, उद्याच्या सभेपूर्वी उत्तर मिळावे

घोडबंदरकर
नमस्कार. गेल्या दहा दिवसांत आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीवर तीन वेळा बिबट्या आला असून तिन्ही वेळा तो सीसीटीव्हीत स्पष्ट दिसला आहे. रहिवासी धास्तावले आहेत. उद्या संध्याकाळी 7 वाजता सभा आहे आणि सचिव या नात्याने उत्तर मला द्यायचे आहे. पिंजरा लावून घेण्यासाठी अर्ज कोणाकडे करावा आणि त्याला किती दिवस लागतात, एवढेच कृपया सांगावे.

रानवाट
आपण गाव सांगितलेले नाही, वेळ सांगितलेली नाही आणि भिंतीपलीकडे काय आहे हेही लिहिलेले नाही. बिबट्या भिंतीवरून तसाच पुढे गेला की आत उतरला? आपल्या आवारात कुत्री आहेत का? हे कळल्याशिवाय पिंजऱ्याबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

ओतूरचा शेतकरी
अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे द्यावा आणि सोबत चित्रफीत जोडावी. जुन्नर तालुक्यात आम्ही उसाच्या फडाला लागून राहतो. आमच्या भागात अंगणात खेळणारी मुले बिबट्याने नेलेली आहेत, त्यामुळे पिंजरा मागणाऱ्या माणसाला कोणी नावे ठेवू नयेत.

घोडबंदरकर
ठिकाण नावावरून लक्षात येईल असे वाटले होते. ठाण्यात घोडबंदर रस्त्याला आमची सोसायटी आहे आणि भिंतीपलीकडे येऊरचे जंगल आहे. वेळ पहाटे 3 ते साडेचार. दोनदा तो भिंतीवरून निघून गेला, तिसऱ्यांदा आत उतरला आणि एक कुत्रा घेऊन गेला. कुत्री आठ-दहा आहेत. ती आमची नाहीत, भटकी आहेत. आता कृपया मूळ प्रश्नाचे उत्तर द्यावे.

रानवाट
उत्तर याच माहितीत आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटरचे आहे, येऊर हा त्याचाच भाग आहे आणि तिथे बिबट्यांची कायम वस्ती आहे. उद्यानाच्या कडेने राहणाऱ्या बिबट्यांच्या खाण्यात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे, हे तिथल्या अभ्यासांत दिसले आहे. आपल्या भिंतीवर येणारा बिबट्या माणसासाठी येत नसून आठ-दहा कुत्र्यांसाठी येत आहे. ही कुत्री नेमकी तिथेच का जमतात, हे आपण अजून सांगितलेले नाही.

पिंजऱ्याविषयी: बिबट्या वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. त्याला पकडण्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि केवळ तो दिसला म्हणून ती मागणे योग्य नाही.

सॅन होजेहून मंदार
आमच्या उपनगरात कायोटी, म्हणजे इकडचे कोल्ह्यासारखे प्राणी, रस्त्यांवर फिरतात. कायोटी दिसताच हात उंच करून मोठ्याने ओरडावे, भांडी वाजवावीत आणि तो पळेपर्यंत त्याच्या दिशेने चालत राहावे, असे आम्हाला शिकवलेले आहे. आपणही तसे करून पाहावे.

रानवाट
मंदार, कृपया हा सल्ला येथे देऊ नये. कायोटी कोल्ह्याएवढा असतो. बिबट्याच्या दिशेने चालत जाणे, त्याला कोपऱ्यात कोंडणे किंवा त्याचा पाठलाग करणे म्हणजे हल्ला ओढवून घेणे आहे. 9 डिसेंबर 2020 रोजी पुण्यात कोथरूडच्या वस्तीत गवा शिरला, तेव्हा त्याच्यामागे केवढी गर्दी धावली आणि त्याच दिवशी त्याचा अंत कसा झाला, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. बिथरलेला गवा पळत सुटतो, बिबट्या समोर येईल त्याला जखमी करतो.

नीलिमा नाशिक
आमच्या गच्चीवर माकडांचा फार उपद्रव होता. आम्ही गॅलरीला पाऊण इंचाची जाळी बसवली आणि टाकीच्या झाकणाला कुलूप लावले. जाळी गंज न धरणारी घ्यावी. कबुतरेही येईनाशी झाली.

ओतूरचा शेतकरी
रानवाट यांना माझा प्रश्न आहे. कुत्रा संपल्यावर तो काय खाणार, याची हमी कोण देणार? पकडून दूर सोडला तर निदान या मुलांवरचे संकट टळेल.

रानवाट
आपल्या भागातले दुःख मी नाकारत नाही. उसात घर असलेल्या माणसाला भिंत नाही, दिवा नाही, आणि त्याचा प्रश्न या सोसायटीच्या प्रश्नाहून कितीतरी कठीण आहे. परंतु पकडून दूर सोडण्याचा अनुभव आपल्याच जुन्नरचा आहे. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो अभ्यासला आहे. बिबटे पकडून इतरत्र सोडण्याचा मोठा कार्यक्रम 2001 मध्ये सुरू झाला आणि वर्षाला सरासरी 4 असलेले माणसांवरचे हल्ले 17 वर गेले. अनोळखी जागी सोडलेला बिबट्या तिथे थांबत नाही. 2009 मध्ये माळशेज घाटात सोडलेला, माग काढण्यासाठी गळपट्टा लावलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या सुमारे 120 किलोमीटर चालून याच बोरिवलीच्या जंगलात आला होता. शिवाय एक बिबट्या हलवला की त्याची मोकळी झालेली हद्द दुसरा घेतो, आणि तो बहुधा तरुण व बिनअनुभवी असतो.

ओतूरचा शेतकरी
ते आकडे मला ठाऊक आहेत. म्हणूनच पकडलेला बिबट्या पुन्हा सोडू नये, जुन्नरजवळ माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रात ठेवावा, असे आमचे म्हणणे आहे.

आरेची सविता
मी आरेतल्या पाड्यावर लहानाची मोठी झाले. आमच्याकडे वाघोबाला पुजतात, पण अंधार पडल्यावर एकटे मूल कोणी बाहेर सोडत नाही. आजी परसात निघाली की हातातली काठी जमिनीवर आपटत, मोठ्याने बोलत जायची. खाली बसलेले किंवा वाकलेले माणूस बिबट्याला लहान जनावरासारखे दिसते, म्हणून उघड्यावर अंधारात बसू नये, ही तिची ताकीद असे. आपले रात्रीचे सुरक्षारक्षक कुठे बसतात?

घोडबंदरकर
सविताताई, आपल्या प्रश्नामुळे मी आत्ता खाली जाऊन पाहून आलो. रक्षकाची खुर्ची मागच्या फाटकापाशी, भिंतीपासून सात-आठ पावलांवर आहे आणि तिथला दिवा महिनाभर बंद आहे. शेजारीच ओल्या कचऱ्याचे चार डबे आहेत, त्यांतल्या दोघांना झाकण नाही. डब्यांच्या मागे वर्तमानपत्रावर भात आणि कोंबडीची हाडे ठेवलेली होती. आमच्या एक काकू रोज रात्री 10 वाजता कुत्र्यांना तिथेच खाऊ घालतात, हे मला माहीत होते, परंतु त्याचा बिबट्याशी संबंध मी लावला नव्हता.

चित्रफीतही पुन्हा पाहिली. तिसऱ्या वेळी मोठा बिबट्या कुत्रा घेऊन भिंतीवर चढला, तेव्हा भिंतीच्या टोकाला आंब्याच्या फांदीखाली एक लहान आकृती बसलेली दिसते. आधी ती मांजर वाटली होती. मोठा बिबट्या जवळून गेल्यावर ती उठून त्याच्या मागे जाते.

रानवाट
मग ती मादी आहे आणि सोबत पिल्लू आहे. तिला पिंजऱ्यात घेतले तर शिकार न येणारे पिल्लू आपल्याच भिंतीलगत एकटे राहील. ओतूरच्या दादांनाही हे पटावे.

ओतूरचा शेतकरी
पिल्लू असेल तर मीही आत्ता पिंजरा मागणार नाही. परंतु मुलांचा बगिचा कोणत्या बाजूला आहे, ते सचिवांनी सांगावे.

आरेची सविता
काकूंना सभेत सर्वांसमोर बोलू नये. आज रात्रीच घरी जाऊन सांगावे. त्यांना कुत्र्यांची माया आहे, तर दिवसा, पुढच्या फाटकापाशी खाऊ घालावे आणि उरलेले उचलून न्यावे.

घोडबंदरकर
बगिचा मागच्याच बाजूला आहे, भिंतीपासून वीस पावलांवर. संध्याकाळी साडेसहानंतर तो बंद ठेवण्याची सूचना आजच फलकावर लावतो. दिवा दुरुस्त करणारा सकाळी येईल. डबे पुढच्या फाटकाकडे हलवत आहोत आणि रक्षकाची खुर्ची केबिनमध्ये. पिंजऱ्याचा विषय सभेपुढून काढून वनपालांना मार्गदर्शनासाठी बोलावण्याचा ठराव ठेवतो. चित्रफीत त्यांना कोठे पाठवावी?

रानवाट
वन विभागाच्या 1926 या निःशुल्क क्रमांकावर आधी नोंद करावी आणि चित्रफीत कोणाकडे द्यायची ते तिथेच विचारावे. तोपर्यंत ती रहिवाशांच्या गटात टाकू नये, अन्यथा उद्या पहाटे मोबाइल घेऊन लोक भिंतीपाशी उभे राहतील.

घोडबंदरकर
ती सकाळीच टाकली गेली आहे. काढायला सांगतो.