आईची वाताची पुडी बंद करू की नको? (गुडघे, वय ७४)

पडवीवाला:
आई देवरुखजवळ गावाला एकटी असते, मी पुण्यात. गुडघे सहा वर्षं दुखतायत. एक्स-रेत झीज आहे, डाव्यात जास्त. ब्लडप्रेशरची गोळी चालू, साखर काठावर होती.

गणपतीला गेलो तर आई तुरुतुरु चालतेय! पडवीच्या चार पायऱ्या खांब धरून उतरणारी बाई माटवी (गणपतीवर टांगतात ती फळापानांची आरास) बांधायला स्टुलावर चढलेली. मी खूश. मग कळलं, वाडीतल्या कुणी आठवड्याच्या बाजारातून ‘वाताची पुडी’ आणून दिलीय. पिवळट पूड, कागदावर ना नाव ना गाव. सकाळ-संध्याकाळ गरम पाण्यातून, चार महिने झाले. आता चेहरा गोल सुजल्यासारखा दिसतो, कुठे जरा टेकलं की काळानिळा डाग पडतो आणि परवा उपाशीपोटी साखर १९२.

बंद कर म्हटलं तर म्हणते, “तुझ्या डॉक्टरने सहा वर्षांत चालवलं नाही, हिने आठ दिवसांत चालवलं. बंद केली तर तू येणार आहेस का पाणी भरायला?” यावर मी काय बोलणार.

पुडी आजच बंद करू का? आणि पुढे काय, ऑपरेशनच?

तेलवाटी:
निर्गुडीचा पाला वाफवून फडक्यात बांधून शेका. सासूबाईंना त्याने रात्रीची झोप लागते. पुडीचं मला कळत नाही.

औषधवाला:
२२ वर्षं काउंटरवर आहे. गोल चेहरा, काळे डाग, वाढलेली साखर आणि आठ दिवसांत पळणारे गुडघे, म्हणजे त्या पुडीत स्टिरॉइड कुटून घातलेलं असण्याचा दाट संशय. पण मनाने एकदम बंद करू नका. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. अचानक तोडलं तर बीपी पडतं, उलट्या होतात, जिवावर बेतू शकतं. उद्याच उरलेल्या पुड्या घेऊन फिजिशियनकडे जा. ते माहीत असलेल्या गोळीवर आणून हळूहळू उतरवतील. मध्येच चक्कर, उलट्या, ताप आला तर थेट दवाखान्यात न्या.

दुसरं, पुडी सुटली की दुखणार, आणि मग आई दुकानातून डायक्लोफिनॅक नाहीतर अॅसिक्लोफिनॅक या दुखणं दाबणाऱ्या गोळ्या आणवणार. बीपीच्या गोळ्यांबरोबर, त्यातही लघवी जास्त करवणारी गोळी असेल तर, या दुखण्याच्या गोळ्या रोज घेणं किडनीला महागात पडतं. गुडघ्याला त्याच औषधाचं जेल लावलेलं बरं, रक्तात फार कमी उतरतं.

ऑपरेशनचं म्हणाल तर गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीवर सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली. बाकीचं बिल वेगळं, ते आधी लेखी मागा.

निवृत्त_बाई:
बाळा, मी ७२ ची, कराडला असते. ३१ वर्षं फळ्यापुढे उभी राहून शिकवलं, त्याची फी आता गुडघे वसूल करतायत. औषधांचं वरच्या भाऊंनी सांगितलंय. मी घराचं सांगते, कारण माझं निम्मं दुखणं घरातच होतं.

आधी संडास. भारतीय असेल तर त्यावर ठेवायची खुर्ची मिळते, ती आण. उकिडवं बसून उठणं हाच सगळ्यात मोठा छळ. माझ्या यजमानांनी “घराचा दवाखाना करतेस” म्हणून तोंड वाकडं केलं होतं. आता तेच आधी जाऊन बसतात. मग पलंग. माझ्या पलंगाच्या चारही पायांखाली सुताराकडून खोलगट ठोकळे बसवून घेतले, चार बोटं उंची वाढली, उठताना “आई गं” कमी झालं. विळी माळ्यावर गेली, भाजी टेबलावर सुरीने. देव मात्र मी तीन महिने खालीच ठेवले होते. पाटावर मांडी न घालता पूजा म्हणजे काय! शेवटी एकदा उठताच येईना, शेजारणीला हाक मारली. दुसऱ्या दिवशी देव टेबलावर गेले. ते काही रागावले नाहीत.

आणि व्यायाम. पलंगावर पाय लांब करायचा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती गुडघ्याने खाली दाबायची, दहा आकडे मोजायचे, सोडायचं. दोन्ही पायांना दहा-दहा वेळा, दिवसातून दोनदा. पहिले पाच आठवडे काऽऽही फरक पडला नाही, फिजिओथेरपीच्या मुलीशी मी भांडलेसुद्धा. सहाव्या आठवड्यात एकदम लक्षात आलं की गच्चीवर पापड घालून खाली आले आणि कठडा धरायचं विसरले. मांडीचा स्नायू भार उचलायला लागला की गुडघा कमी कुरकुरतो, एवढंच त्यातलं शास्त्र.

काठी धरायची ती दुखऱ्या पायाच्या उलट हातात. डावा गुडघा जास्त ना, मग उजव्या हातात. निम्मे लोक चुकीच्या हातात धरतात, मीही धरायचे.

एक विचारते, रागावू नकोस. आईने पाण्याचं विचारलं, त्याचं काय केलंस?

पडवीवाला:
बाई, तो प्रश्न झोंबला. उद्या निघतोय.

पडवीवाला (२५ दिवसांनी):
उशीर झाला, माफ करा. रत्नागिरीच्या फिजिशियनने पुडी बघून तेच सांगितलं. आता मोजून गोळी चालू आहे, दर थोड्या दिवसांनी कमी करतायत. साखर खाली येतेय. गुडघे परत दुखतात आणि आई रोज फोनवर त्याचा हिशेब देते, तो मी ऐकून घेतो. हाडांचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनचं साखर बसल्यावर बघू.

विहिरीवर छोटा पंप आणि मागीलदारी टाकी बसवली. खुर्ची आणली. टॉवेलचा व्यायाम “झोपून करायचा, म्हणजे काम नव्हे” म्हणून सध्या तरी मान्य आहे.

काठीला मात्र साफ नकार. “म्हातारी दिसेन.” शेवटी बाबांची लाकडी मुठीची लांब छत्री निघाली. उंची मनगटापर्यंत बरोबर येते, टोकाला घसरू नये म्हणून काठीचं रबरी बूच घट्ट बसवलंय. पाऊस गेला तरी छत्री कशाला, असं वाडीत कुणी विचारलं तर सांगते, ऊन लागतं.

औषधवाला:
बूच झिजलं की बदला. आणि छत्रीचं बटण दोऱ्याने बांधून टाका, टेकताना उघडायची.