लेइझोऊ द्वीपकल्पाचे दक्षिण टोक: एप्रिलअखेरीस जावे का, आणि वाऱ्याचा विचार कसा करावा?

प्रश्न : कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. कुपवाड औद्योगिक वसाहतीत आमचा पंपांचे सुटे भाग तयार करण्याचा छोटा कारखाना आहे. येत्या एप्रिलमध्ये मी ग्वांगझोऊच्या कँटन फेअर या व्यापारी प्रदर्शनाला जाणार असून या वेळी पत्नीही सोबत येणार आहे. यंत्रसामग्रीचा विभाग पहिल्या टप्प्यात, म्हणजे १५ ते १९ एप्रिल या काळात असतो. ते काम उरकल्यानंतर चार-पाच दिवस आमच्या हाताशी राहतील आणि ते मोठ्या शहरांतील बाजारपेठा पाहण्यात घालवण्याची आम्हा दोघांचीही इच्छा नाही.

ग्वांगडोंग प्रांताच्या नैर्ऋत्येला लेइझोऊ नावाचा द्वीपकल्प आहे. पूर्वेला दक्षिण चिनी समुद्र, पश्चिमेला टोंकिनचे आखात आणि दक्षिणेला सामुद्रधुनीपलीकडे हायनान बेट, अशी त्याची मांडणी आहे. तेथे उसाची मोठी शेती आहे, लाल माती आहे आणि अननसाच्या मळ्यांत पवनचक्क्या उभ्या आहेत असे वाचनात आले. आमचे घराणे वाळवा तालुक्यातील ऊसकरी असल्यामुळे ही शेती पाहण्याची ओढ आहे. मात्र हा भाग वादळांसाठी प्रसिद्ध आहे, असेही ऐकले. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तेथील वारा कसा असतो, सामुद्रधुनी ओलांडून हायनानला जाणे शक्य आहे का, आणि पत्नी पूर्ण शाकाहारी असल्याने तिच्या जेवणाची सोय कशी करावी, याविषयी माहितगारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : पठारकर (सातारा)

नमस्कार साहेब. अवश्य जा. पवनचक्क्यांच्या देखभालीत माझी उमेदीची वर्षे गेली आणि त्याच कुतूहलापोटी मी या द्वीपकल्पावर गेलो होतो. तेथून परतलेल्या मराठी प्रवाशांचे लेखन फारसे आढळत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ग्वांगझोऊहून वेगवान रेल्वेने द्वीपकल्पाच्या उत्तरेकडील झानजियांग शहराला पोहोचण्यास जास्तीत जास्त तीन-साडेतीन तास लागतात. द्वीपकल्पाचा दक्षिणेकडील भाग म्हणजे शुवेन हा जिल्हा. तो झानजियांगपासून रस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटर आहे आणि मुक्काम तेथेच करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. झानजियांगला राहून एका दिवसात जाऊन येणारे लोक दक्षिण टोकावरच्या दीपगृहापाशी छायाचित्र काढतात आणि परततात. या भागाचे जे खरे वैशिष्ट्य आहे ते त्यांच्या वाट्याला येत नाही.

ते वैशिष्ट्य शुवेनमधील छूजिए गावाच्या परिसरात पाहावे. चीनमध्ये पिकणाऱ्या अननसांपैकी सुमारे एक तृतीयांश अननस एकट्या शुवेनमधून येतात. हलक्या चढउतारांच्या जमिनीवर दृष्टी पोहोचेल तेथपर्यंत अननसाचे निळसर हिरवे पट्टे, मधून मधून नुकत्याच नांगरलेल्या वावराचा गडद तांबडा चौकोन आणि या सगळ्यावर पवनचक्क्या, असे ते दृश्य आहे. आपल्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांखाली बहुतेक ठिकाणी गवत दिसते. तेथे मात्र मनोऱ्याच्या पायापर्यंत पीक असते. पात्यांची सावली सरींवरून एका संथ लयीत सरकत असताना खाली बायाबापड्या फळे तोडत असतात. अननसाची पाने काटेरी असल्यामुळे त्यांनी कोपरापर्यंत जाड हातमोजे घातलेले असतात, आणि तोडलेले फळ न पाहता पाठीवरच्या टोपलीत टाकण्याचा त्यांचा हात इतका बसलेला असतो की पाहत राहावे. तोडणीचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते मे असतो, म्हणजे आपण जाल तेव्हा तो उतरणीला लागलेला असला तरी संपलेला नसेल. फळ मिठाच्या पाण्यात बुडवून खाण्याची तेथे पद्धत आहे. त्याने जिभेला होणारी चुणचुण कमी होते.

दुसरे ठिकाण म्हणजे जिआओवेइ येथील दंगलोऊजिआओ हे टोक. चीनच्या मुख्य भूमीचा हा सर्वांत दक्षिणेकडील बिंदू आहे. दीपगृहापुढे वाळूची एक निमुळती जीभ समुद्रात शिरलेली आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंनी येणाऱ्या लाटा टोकाशी एकमेकींना छेदतात. भरती-ओहोटीची वेळ आधी पाहून, ओहोटी सुरू झाल्यावर तेथे जावे. जवळच्या फांगपो गावात प्रवाळाच्या दगडांनी बांधलेली जुनी घरे आहेत. भिंतीजवळ उभे राहिले की प्रत्येक दगडावरची नक्षी वेगळी दिसते, कुठे मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे तर कुठे वळणावळणाच्या रेषा, आणि हात फिरवला तर पृष्ठभाग किसणीसारखा खरबरीत लागतो. हा किनारा आता राष्ट्रीय प्रवाळ अभयारण्यात मोडतो. तेव्हा प्रवाळावर पाय देऊ नये आणि किनाऱ्यावर पडलेला तुकडाही उचलून आणू नये, ही विनंती.

उत्तर २ : भूगोलाचा विद्यार्थी (कराड)

वाऱ्यासंबंधी विचारले आहे, त्याचे उत्तर महिन्यागणिक बदलते. त्यामुळे कारणासह सांगतो.

या द्वीपकल्पाचा मोठा भाग ज्वालामुखीतून निघालेल्या बेसॉल्टचा असून तो सगळाच जवळजवळ सपाट आहे. संपूर्ण भूभागात तीनशे मीटर उंचीची टेकडीसुद्धा नाही. तिन्ही बाजूंना समुद्र आणि मध्ये अडवणारा डोंगर नाही, म्हणून वारा एका किनाऱ्यावरून शिरून दुसऱ्या किनाऱ्याने बाहेर पडतो. सातारा जिल्ह्यात आपण जोराचा वारा नैर्ऋत्य मोसमी पावसाबरोबर, जून ते सप्टेंबरमध्ये अनुभवतो. लेइझोऊवर सातत्याने वाहणारा बोचरा वारा ईशान्येकडून, साधारण ऑक्टोबर ते मार्च या काळात येतो. एप्रिलपर्यंत त्याचा जोर ओसरतो आणि वारा पूर्व-आग्नेयेकडून वाहू लागतो. टायफूनचा, म्हणजे त्या भागातील चक्रीवादळांचा, मुख्य काळ जून ते ऑक्टोबर असतो. म्हणून आपण निवडलेला आठवडा या दोन्हींच्या मधला, माझ्या मते वर्षातील सर्वांत सोयीचा आहे.

टायफूनच्या काळात जाण्याचा विचार मात्र कोणीही सहज करू नये. १८ जुलै २०१४ रोजी रामासुन हे टायफून हायनानच्या वेनचांगला धडकल्यानंतर त्याच दिवशी शुवेनवर आले. ६ सप्टेंबर २०२४ रोजी यागीने नेमका हाच मार्ग धरला. दुपारी वेनचांग आणि रात्री शुवेन. त्या वेळी वेनचांग भागातील काही पवनचक्क्या बुंध्यापासून मोडून पडल्या आणि सामुद्रधुनीतील जहाजे आधीच थांबवण्यात आली होती.

आपल्या दृष्टीने खरा अडथळा वाऱ्याचा नसून धुक्याचा असू शकतो. हिवाळ्याच्या अखेरीपासून वसंतापर्यंत उबदार, दमट हवा तुलनेने थंड पाण्यावरून सरकते आणि हायनानच्या अलीकडच्या छियोंगझोऊ सामुद्रधुनीवर दाट धुके धरते. फेब्रुवारी २०१८ मध्ये, चिनी नववर्षाच्या सुट्टीनंतर परतणाऱ्यांची गर्दी असताना असेच धुके पडले आणि हायनानमधील हायकोऊ शहराच्या बंदरांवर हजारो वाहने कित्येक दिवस अडकून राहिली. धुक्याचा भर फेब्रुवारी-मार्चमध्ये असतो, एप्रिलअखेरीस ते विरळ होते. तरीसुद्धा हायनानला गेल्यास परतीचे विमान त्याच दिवशी ठेवू नये, मध्ये एक पूर्ण दिवस मोकळा सोडावा.

सामुद्रधुनी ओलांडण्याची सोय उत्तम आहे. २०२० पासून सुरू असलेल्या शुवेनच्या नव्या बंदरातून हायकोऊकडे प्रवासी आणि वाहने नेणारी जहाजे सुटतात आणि साधारण दीड-दोन तासांत पोहोचतात. रेल्वेची आवड असेल तर याहून विलक्षण अनुभव आहे. हायनानला जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या काही गाड्यांचे डबे टप्प्याटप्प्याने सोडवून जहाजाच्या पोटातील रुळांवर ढकलले जातात, प्रवासी डब्यातच बसून राहतात आणि पलीकडच्या काठावर तीच गाडी पुन्हा जोडली जाते.

झानजियांगजवळचे हुग्वांगयान सरोवर मात्र चुकवू नका. सुमारे दीड लाख वर्षांपूर्वी वर येणारा तप्त शिलारस भूजलाला भिडला, त्या वाफेच्या स्फोटाने जमिनीत गोल खळगा पडला आणि पुढे त्यात पाणी साठले. ‘मार’ प्रकारच्या सरोवराचे हे अभ्यासकांना सुपरिचित उदाहरण असून तो परिसर २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक भूउद्यानांच्या यादीत आहे. लोणारचा खळगा उल्केने झाला. बेसॉल्टच्याच प्रदेशातला हा दुसरा खळगा निराळ्या कारणाने झाला, ही गोष्ट आपल्याकडच्या माणसाने तरी जागेवर उभे राहून पाहावी.

उत्तर ३ : मिरजवासी

वहिनींच्या जेवणाविषयी लिहिते, कारण ग्वांगडोंगमध्ये माझा काही काळ मुक्काम झाला आहे आणि मीही शाकाहारी आहे.

लेइझोऊचा किनारा मासे आणि कालवांसाठी नावाजलेला आहे, त्यामुळे साध्या खानावळीत शाकाहारी पदार्थ वेगळा मांडलेला नसतो. तो करून घ्यावा लागतो. मांस, मासे, कोळंबी, अंडी, कालवांचा रस आणि डुकराची चरबी चालत नाही, असे प्रत्येक गोष्टीचे नाव घेऊन लिहिलेली चिनी लिपीतील चिठ्ठी ग्वांगझोऊतच कोणाकडून तरी तयार करून घ्या. ‘फक्त भाजी’ एवढेच सांगितले तर भाजी येते खरी, पण ती कालवांच्या रसात परतलेली असू शकते. साधा भात, पातळ तांदळाची पेज, लसूण घालून परतलेली पालेभाजी आणि टोफू बहुतेक ठिकाणी मिळतात. लेइझोऊ भागात चिकट तांदळाच्या पिठाच्या पारीत खोबरे, शेंगदाणे, तीळ आणि साखर भरून, फणसाच्या पानात गुंडाळून उकडलेले पदार्थ मिळतात. सारणात चरबी नाही याची खात्री करून ते जरूर खा. पान सोलताना येणारा वास फार सुरेख असतो. मेतकूट, चटणी आणि दशम्या सोबत असाव्यात, हे वहिनींना सांगायला नकोच.

भाषेची अडचण जाणवेल. तेथील लोक घरी जी बोली बोलतात ती ग्वांगझोऊच्या कँटोनीजपेक्षा वेगळी, मिन गटातली आहे. मात्र प्रमाण चिनी जवळपास सर्वांना समजते, त्यामुळे मोबाइलवरील भाषांतर चालते. अलीपे या पैसे देण्याच्या चिनी मोबाइल अॅपला आपले व्हिसा किंवा मास्टरकार्ड येथूनच जोडून आणि त्यावरील आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेत सुरू करून ठेवा. गुगलच्या सेवा चीनच्या इंटरनेटवर चालत नाहीत, तेव्हा भारतीय सिमचे रोमिंग घेणे सोयीचे पडते. हॉटेल आरक्षित करताना परदेशी पाहुण्यांची नोंदणी होते ना, एवढे आधी विचारून घ्या. लहान गावांतील लॉजना त्याचा सराव नसतो.

कृष्णाकाठ (सांगली)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. २० एप्रिलला झानजियांग व हुग्वांगयान, त्यानंतर शुवेनमध्ये मुक्काम करून मळे आणि दीपगृह, मग जहाजाने हायकोऊ आणि तेथे एक दिवस राखीव, असा बेत ठरवत आहे. हायकोऊहून थेट हाँगकाँगला जाऊन तेथून मुंबईचे विमान घ्यावे, की ग्वांगझोऊला परत यावे, एवढाच प्रश्न उरला आहे. हायनानसाठी स्वतंत्र परवानगी लागते का?

भूगोलाचा विद्यार्थी (कराड)

हायनान हा चीनचाच प्रांत असल्यामुळे आपला चीनचा व्हिसा तेथे चालतो. काही देशांच्या नागरिकांना मिळणारी हायनानची व्हिसामुक्त सवलत भारतीयांना नाही, पण आपल्याकडे व्हिसा असणारच असल्याने तिची गरजही नाही. हाँगकाँगची गोष्ट वेगळी आहे. तेथे पाऊल ठेवले की आपण मुख्य भूमीतून बाहेर पडलात असे धरले जाते आणि एकदाच प्रवेश देणारा व्हिसा तेथेच संपतो; परतीचे विमान हाँगकाँगहूनच असेल तर त्याने काही बिघडत नाही. भारतीय पासपोर्टधारकांनी हाँगकाँगसाठी प्रवासापूर्वी ऑनलाइन नोंदणी करायची असते, ती दोघांच्याही नावाने स्वतंत्रपणे करावी. आणि १ मेपासून चीनमध्ये कामगार दिनाच्या सुट्ट्या लागतात, त्या काळात जहाजांना व रेल्वेला विलक्षण गर्दी होते, तेव्हा काहीही झाले तरी २९ एप्रिलपूर्वी सामुद्रधुनी ओलांडून मोकळे व्हा.