सोयाबीन चांगलं पिकतं, तरी पावसाळ्यात घरात धान्य का नसतं?

प्रश्न (बालाघाट_शिवार): धाराशिवकडची कोरडवाहू गावं. घरटी ४-५ एकर, पाच माणसं, सगळ्या रानात सोयाबीन. जूनपासून दिवाळीपर्यंत ज्वारी-डाळ दुकानातून, तीही उधारीवर. आधी कशाला हात घालावा?

काळी_माती: पैसा वर्षातून एकदाच येतो, हे मूळ. काढणी होताच बी-खताची उधारी भागवायला माल ओलसरच आडतीवर जातो. ओलावा १२ टक्क्यांहून जास्त असला की भाव पडतो. जूनमध्ये पेरणी पुन्हा उधारीवर. म्हणून खाण्यापुरतं रान आधी राखा. माणशी महिना १० किलो धान्य धरलं तर पाच जणांना वर्षाला ६ क्विंटल. प्राधान्य गटाच्या रेशन कार्डावर माणशी महिना ५ किलोनं ३ क्विंटल येतं. उरलेली ३ क्विंटल ज्वारी, एकरी ४ क्विंटल उतारा धरून, ३० गुंठ्यांत निघते. तिथं आधी लवकर येणारं सोयाबीन (जेएस ९३-०५ हे वाण) घ्या, सप्टेंबरअखेर रान मोकळं होतं. मग मालदांडी ज्वारीचं बी एकरी ४ किलो, किलोला ३०० मेश (बारीक भुकटीचं) गंधक ४ ग्रॅम चोळून, १५ ऑक्टोबरच्या आत. त्यापुढं ओल उडते. डाळीसाठी उरलेल्या सोयाबीनमध्ये तूर, चार ओळींना दोन.

कणगी: एकट्यानं ज्वारी पेरली की पाखरं कणसात दाणा ठेवत नाहीत, लोकांनी ज्वारी सोडली त्यात हेही कारण आहे. शेजारच्या पाच-सहा जणांनी एकाच पट्ट्यात, एकाच आठवड्यात पेरा.
साठवताना दाणा दाताखाली कट्ट वाजेपर्यंत वाळवा, सावलीत गार होऊ द्या, मगच कोठीत भरा. गरम भरला की पत्र्याला आतून घाम सुटतो, बुरशी आणि सोंडे येतात. तूर अख्खी ठेवू नका, भुंगा लागतो. डाळ करून ठेवा. विषारी धुरीच्या गोळ्या राहत्या घरात कधीच नकोत, त्यानं माणसं दगावतात.

पुरवठा_माहिती: वरचे ३ क्विंटल पाचही नावं कार्डावर असतील तरच. बहुतेकदा सून आणि लहान मूल राहून जातं. सुनेला माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला, बाळाला जन्मदाखला लागतो. ई-केवायसीत (आधारवरून ओळख पटवताना) म्हाताऱ्यांचे घासलेले अंगठे उमटत नाहीत. ॲपवर चेहऱ्यानं करा. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी कार्डाचा १२ अंकी क्रमांक सोबत न्यावा, तिकडच्या रास्त भाव दुकानात धान्य उचलता येतं.

बालाघाट_शिवार: माळाच्या हलक्या रानात मालदांडी चालेल?

काळी_माती: नको. फूटभराहून कमी माती असेल तर फुले अनुराधा हे ज्वारीचं वाण घ्या.