आईसाठी शुगरचं मशीन घ्यायचंय, हजाराच्या आत (सोलापूर)

शेंगाचटणी: आई ६३ वर्षांची, शुगर जुनी, गोळ्या चालू. परवा लॅबमध्ये उपाशीपोटी १६८, जेवल्यावर २९०, एचबीए१सी ८.९. डॉक्टर म्हणाले घरी मशीन ठेवा, आठवड्याला तीन-चारदा बघून लिहून ठेवा. बजेट हजार, रक्ताचा थेंब लावायच्या पट्ट्यांसकट. कुठलं घेऊ?

जुळेकर_७८: मशीनबिशीन सोडा, दंडाला लावायचा सेन्सर घ्या. चौदा दिवस राहतो, मोबाईलवर आलेख येतो. पाच हजारांच्या आसपास पडतो. आमची सून पुण्यात बसून माझी शुगर बघते आणि फोन करते, "पप्पा, आत्ता काय खाल्लं?"

शेंगाचटणी: काका, हजार म्हटलंय.

बाळीवेस_अण्णा: डोळे झाकून अ‍ॅक्यु-चेक. आमच्या घरात दुसरं शिरलेलं नाही.

पद्माक्का: मशीन स्वस्तच असतं ओ, पैसे पट्ट्यांत जातात. आधी पट्टीचा दर विचारा. शंभर पट्ट्यांची डबी स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. एकदा उघडली की बऱ्याच कंपन्यांच्या पट्ट्या तीन महिन्यांत संपवाव्या लागतात. डबीवर लिहिलेलं असतं, बघा की. झाकण लगेच लावायचं. आणि एप्रिल-मेत गाडीच्या डिकीत राहिली तर त्या पट्ट्या गेल्या समजा.

गड्डा_रिटर्न्स: सोलापुरात राहून २९०? भात खात असणार. मालदांडीची कडक भाकरी चालू करा, शुगर पळते की नाही बघा.

पद्माक्का: भाकरी काय औषध आहे? ज्वारीनंही शुगर वाढतेच. कडक भाकरी आमटीत चुरली की किती पोटात गेली कळत नाही. एक खाऊन वर पालेभाजी-काकडी वाढवा.

गड्डा_रिटर्न्स: आमचे आजोबा एका बैठकीला पाच खायचे.

पद्माक्का: आजोबा दिवसभर रानात राबायचे. तुम्ही दुकानाच्या गादीवर बसता.

निवृत्त_मास्तर: धागा भरकटतो आहे. आमच्या हिचं एकदा घरी ३४० आलं. रिक्षा दारात उभी, ही रडायला लागली, आणि मग कळलं की चिकू सोलता सोलता तशाच बोटाला टोचलं होतं. साबणाने हात धुऊन, कोरडे करून पुन्हा बघितलं तर १७२. बोटाच्या मधोमध टोचू नका, कडेला टोचा, कमी दुखतं. लॅबच्या आकड्यात आणि मशीनच्या आकड्यात १०-१५ टक्के फरक असला तर मशीनला शिव्या घालू नका.

जुळेकर_७८: सेन्सर असता तर रिक्षाचे पैसे वाचले असते.

रोज_कारलं: कारल्याचा रस, सकाळी अनशापोटी. मशीनची गरजच नाही.

कंबर_तलाव: रस प्या नाहीतर ओता, गोळी बंद करू नका. शेंगाचटणी, आईच्या गुडघ्यात हल्ली इंजेक्शन दिलंय का? स्टिरॉइडचं असेल तर काही दिवस शुगर चढते.

शेंगाचटणी: हो, मागच्या महिन्यात दिलंय! पण एचबीए१सी तर दोन-तीन महिन्यांची सरासरी ना?

कंबर_तलाव: म्हणूनच सगळं इंजेक्शनवर ढकलू नका, पण डॉक्टरांच्या कानावर घाला. एक आकडा जास्त आला म्हणून मनाने दुसरी गोळी देऊ नका. ३०० च्या वरच राहिली आणि उलट्या किंवा गुंगी असेल तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. आणि ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत तपासा.

नवीपेठ_नाका: वरचं वाचलं नाही, पण पट्टीचा दर आधी विचारा.

शेंगाचटणी: सगळ्यांचे आभार. काल मशीन आणलं. इथे कुणीच नाव न घेतलेल्या कंपनीचं. आईच्या भिशीतल्या पाचजणींकडे तेच आहे म्हणे, तिला तेच हवं होतं. पट्टी जरा महाग आहे, बजेटही ओलांडलं. पण आमच्या पट्ट्या संपल्या तर शेजारच्या काकू देतील. काल रात्री दोघींनी एकमेकींचे आकडे कॅलेंडरवर लिहून घेतले.

पद्माक्का: पट्टी घ्या खुशाल. टोचायची सुई आणि पेन मात्र ज्याचं त्यालाच, काकूंचं असलं तरी नको.

बाळीवेस_अण्णा: अ‍ॅक्यु-चेकच घ्यायला पाहिजे होतं.

जुळेकर_७८: भिशी लागली की सेन्सर घ्या.