वाजवता वाजवता रडले आणि संगीताचे चार बार (ठरावीक मात्रांचे तुकडे) वाजवायचे राहिले, ही चूक धरायची का?

तिसरी_क्लॅरिनेट:
आधी थोडी पार्श्वभूमी. मी ओहायोत राहते, वय ४४, पाच वर्षांपूर्वी मुलीला शाळेच्या बँडसाठी भाड्याने क्लॅरिनेट आणली, ती वर्षभरात कंटाळली आणि क्लॅरिनेट माझ्या गळ्यात पडली. आता गावातल्या हौशी बँडमध्ये तिसऱ्या क्लॅरिनेटच्या रांगेत शेवटच्या खुर्चीवर बसते. (सनईवाले नाक मुरडतील, मुरडू देत.) दर मंगळवारी प्रॅक्टिस, पन्नासेक माणसं, डेंटिस्टपासून ट्रक ड्रायव्हरपर्यंत सगळे.

गेल्या महिन्यात कॉन्सर्टला आम्ही अमेरिकन संगीतकार फ्रँक टिकेलीची 'अॅन अमेरिकन एलेजी' वाजवली. २० एप्रिल १९९९ ला कोलोरॅडोत कोलंबाइन हायस्कूलमध्ये गोळीबार झाला, त्या दिवशी १२ विद्यार्थी आणि १ शिक्षक गेले, त्यांच्यासाठी लिहिलेली रचना. वर्षभराने, एप्रिल २००० मध्ये, ती पहिल्यांदा वाजवली ती त्याच शाळेच्या बँडने. साधारण अकरा मिनिटं. सुरुवात अगदी तळातल्या सुरांतून होते, मग हळूहळू वर चढत जाते, हॉर्न या पितळी वाद्यावर मुख्य धून येते, आणि पुढे सगळा बँड टिपेला पोचतो तिथे त्या शाळेचं स्वतःचं गाणं येतं. मग सगळं ओसरतं आणि स्टेजच्या बाहेरून एकटा ट्रम्पेट ऐकू येतो, दिसत कोणी नाही. आमचा ट्रम्पेटवाला मागच्या कॉरिडॉरमध्ये अग्निशामकाच्या नळकांड्याशेजारी उभा होता हे मला पक्कं माहीत होतं, प्रॅक्टिसला त्यावर विनोदही झालेले, तरी तो सूर आला आणि माझं संपलं. त्यानंतर सगळा बँड परत येतो तिथे मी आलेच नाही. चार बार. ओठ थरथरत होता, रीडवर (क्लॅरिनेटची तोंडात धरायची पातळ पट्टी) पकडच बसेना, फुंकलं असतं तर बदकासारखी किंचाळी निघाली असती म्हणून गप्प बसले.

नंतर डिरेक्टर हसत म्हणाले, आधी वाजवून घ्या, रडायला पार्किंग लॉट आहे. सगळे हसले, मीपण. पण घरी येताना राग आला. माझं मत असं की अशी रचना वाजवताना जो कोरडा राहतो त्याने ती वाजवूच नये. हाणा आता.

युफोनियम_निवृत्त:
ताई, हाणत नाही पण सहमतही नाही. मी २२ वर्षं लष्करी बँडमध्ये काढली, पचमढीच्या लष्करी संगीत शाळेत शिकलो, आता पुण्यात नातवंडं सांभाळतो. २९ जानेवारीला दिल्लीत विजय चौकात बीटिंग रिट्रीट असतं, प्रजासत्ताक दिन सोहळ्याचा समारोप, त्यात 'अबाइड विथ मी' वाजायची (ख्रिस्ती प्रार्थना, गांधीजींची आवडती, २०२२ पासून कार्यक्रमातून काढली, त्यावर इथे वाद नको). सूर्य बुडत असतो, लांबून घंटांचे टोल येतात, टीव्हीवर बघणाऱ्याच्या अंगावर काटा. आणि आम्ही? थंडीने पितळ गार पडून सूर खाली उतरत असतो, माउथपीस शेवटपर्यंत मुठीत गरम धरून ठेवलेला असतो, आणि डावीकडच्याशी ओळ सरळ आहे ना एवढं एकच डोक्यात. काटा आम्हालाही यायचा, पण बॅरेकमध्ये परत गेल्यावर.

आणखी एक. सातारा जिल्ह्यात एका गावात जवानाच्या अंत्यविधीला मी हजर होतो. बिगुलवर लास्ट पोस्ट, म्हणजे सैनिकाला निरोपाची धून, वाजवणारा पोरगा त्याच जवानाच्या ओळखीतला. एक सूर हलला नाही. सगळं आटपल्यावर गाडीच्या मागे जाऊन ओकला. तिथे त्याने आधी रडून घ्यायला हवं होतं का? समोर आई उभी होती. रडायचा हक्क तिचा, त्याचं काम सूर धरायचं.

सोनचाफा:
काका मान्य, पण उलटं उदाहरणही आहे ना. २५ नोव्हेंबर १९६३, केनेडींचा अंत्यविधी, आर्लिंग्टन. तिकडे लष्करी अंत्यविधीला बिगुलवर 'टॅप्स' ही धून वाजवतात, फक्त २४ सूर. सार्जंट कीथ क्लार्कचा सहावा सूर चिरकला. सगळ्या जगाने ऐकला. आणि लोकांना तो हुंदका वाटला, काहींना तर मुद्दाम तसा वाजवला असं वाटलं. साठ वर्षं झाली, लोक त्या एका चिरकलेल्या सुराबद्दलच बोलतात. अचूक वाजवला असता तर त्याचं नावही कोणाला माहीत नसतं. त्यामुळे तिसरी_क्लॅरिनेट +१. परफेक्शन गेलं खड्ड्यात.

शंकासुर:
सोनचाफा, अर्धीच गोष्ट सांगताय. क्लार्क तीनेक तास थंडीत उभा होता, शेजारीच बंदुकीच्या फैरी झडलेल्या, त्यात ओठ कसे राहणार. त्याला स्वतःला ती चूकच वाटत होती. हुंदका ऐकला तो ऐकणाऱ्यांनी, वाजवणाऱ्याच्या तोंडात थंडी होती फक्त. तुमच्या उदाहरणावरून माझंच सिद्ध होतं, भावना श्रोत्याकडे तयार होते, वाजवणाऱ्याला काय होतंय याच्याशी तिचा संबंध असेलच असं नाही.

आणि हा वाद आपल्याकडे हजार वर्षं जुना आहे हो. रस नेमका कुठे असतो, पात्रात, नटात की प्रेक्षकात, यावर लोल्लट, शंकुक, भट्टनायक हे संस्कृत काव्यशास्त्राचे आचार्य सगळे भांडून गेले, अभिनवगुप्ताने शेवटी रस सहृदय प्रेक्षकाकडे दिला. नट खरंच शोकात बुडाला तर पुढचं वाक्य कोण म्हणणार? तसंच तुमचे ते चार बार कोणी वाजवले ताई? शेजारच्यांनी. म्हणजे तुम्ही रडू शकलात ते बाकीचे कोरडे राहिले म्हणून.

(अभिनवगुप्त आणि क्लॅरिनेट एका प्रतिसादात आणल्याबद्दल मला कोणीतरी चहा पाजा.)

वसईचा_कॉर्नेट:
चहा मी पाजतो, आधी माझं ऐका. आमच्याकडे चर्चच्या मयताला बँड असतो, मी पंधराव्या वर्षापासून कॉर्नेट (ट्रम्पेटचा छोटा भाऊ) वाजवतो, लग्नालाही तीच टीम आणि मयतालाही तीच, टोपी फक्त बदलते. खरं सांगू, दहातल्या नऊ मयतांना डोक्यात असतं की ऊन किती आहे, चढ कधी संपतोय आणि पुढच्या पानाला चिमटा लावलाय का. लोक धाय मोकलून रडतात आणि मी मनात एक दोन तीन चार. त्याची लाज नाही वाटत.

पण दहावं मयत येतंच. माझ्या मामाला नेताना मीच वाजवला, त्यानेच शिकवलेला मला. घरच्यांनी विचारलेलं, दुसरा आणूया का, मी नाही म्हटलं. आणि युफोनियमकाका, तुम्ही म्हणता तसं झालं नाही, शंकासुर म्हणतात तसंही नाही. रडू येत होतं आणि वाजत पण होतं. मात्र रोजच्यासारखं नाही, दर ओळीला एक श्वास जास्त लागत होता. व्हायोलिनवाला डोळे गळत असताना वाजवू शकतो, त्याचा हात मोकळा असतो. आपलं तसं नाही, हुंदका आणि सूर एकाच नळीतून येतात, एकाला वाट दिली की दुसऱ्याची अडते. त्या दिवशी मी दोघांना आळीपाळीने सोडत होतो एवढंच.

तिरकस:
पॉपकॉर्न संपले म्हणून बोलतो. मला मूळ प्रश्नच खटकतोय. ठाण्या-डोंबिवलीतून गेलेली बाई, अमेरिकेतल्या दुसऱ्या टोकाची शाळा, पंचवीसेक वर्षं जुनी घटना, आणि रडू? हे उसनं दुःख नाही का? त्या देशात एवढं होऊनही बंदुका आहेत तिथेच आहेत, आणि लोक हॉलमध्ये बसून सुंदर संगीत ऐकतात, टाळ्या वाजवतात, बाहेर येऊन कुकीज खातात. संगीताने दुःख गोड करून टाकलं की राग निघून जातो. मला तर अशा रचनांचा संशयच येतो.

बँडवाला_टेक्सास:
हाय, मी इथला कदाचित सगळ्यात लहान, १७ वर्षांचा, मराठी टाइप करायला आई मदत करतेय. आम्ही हीच पीस मागच्या वर्षी कॉन्टेस्टला नेली होती. तिथे जज असतात, रेटिंग देतात, १ म्हणजे सगळ्यात भारी. पहिल्या दिवशी डिरेक्टरने ती कशाबद्दल आहे ते सांगितलं, पूर्ण बँड हॉल शांत, दोन मुली रडल्या. नंतर दोन महिने रोज तेच, मेट्रोनोम लावून, ट्युनर लावून, एकच कॉर्ड वीस वेळा, लांब सुरात सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही, शेजारच्याशी ठरवून आळीपाळीने घ्यायचा. तिसऱ्या आठवड्यात कोणालाच काही वाटत नव्हतं. ऑफस्टेज ट्रम्पेट आला की आम्ही लंचचा विचार करायचो, सिरियसली. मला वाटलं संपलं, पीस मेली.

मग कॉन्टेस्टच्या दिवशी शेवटचा सूर थांबला आणि डिरेक्टरने हात खाली केलाच नाही. किती वेळ माहीत नाही. आणि तेव्हा आलं सगळं. म्हणजे मेलं नव्हतं, आम्ही मोजत होतो तोवर ते थांबलं होतं. आम्हाला १ मिळालं, पण बसमध्ये कोणी ओरडलं नाही, आमच्या बसमध्ये हे कधीच होत नाही.

तिसरी_क्लॅरिनेट:
थोडी उशिरा आले, कामावर होते.

तिरकस, मी डोंबिवलीची नाही, चिंचवडची, पण असो. उसनं दुःख म्हणालात म्हणून जे मूळ धाग्यात मुद्दाम लिहिलं नव्हतं ते लिहिते. माझी मुलगी आठवीत आहे. इथल्या शाळांत लॉकडाऊन ड्रिल असतं, कोणी बंदूक घेऊन शिरलं तर काय करायचं याची तालीम, लाइट बंद, दार लावायचं, भिंतीला चिकटून गप्प बसायचं, कोणी दार ठोठावलं तरी उघडायचं नाही. कॉन्सर्टच्या आठवड्यातच तिच्या शाळेत झालं. रात्री पोळ्या लाटत होते तेव्हा ती सहज सांगत होती की बँड रूममध्ये लपायला बरं पडतं कारण ट्युबा या मोठ्या पितळी वाद्यांच्या कपाटामागे पाच जण मावतात. पाच. तिने मोजले होते. आणि मग विचारलं, आई, भाजी कुठली.

तो ट्रम्पेट बाहेरून आला तेव्हा मला कोलंबाइन आठवलंच नाही. ते कपाट आठवलं. त्यामुळे दुःख उसनं नव्हतं, घरचं होतं. राग निघून जातो म्हणता, माझा गेला नाही, उलट तेव्हाच आला. कुकीज खाल्ल्या हे मात्र खरं.

शंकासुर, तुमचं मात्र लागलं. माझे चार बार शेजारच्या बाईंनी वाजवले, त्या सत्तरीच्या आहेत, त्यांनी एकदा तिरक्या नजरेने बघितलं आणि जरा जोरात वाजवायला लागल्या. नंतर एक शब्द बोलल्या नाहीत. 'कोरडा राहतो त्याने वाजवूच नये' हे माझं वाक्य मी मागे घेते. त्या कोरड्या होत्या की नाही मला माहीतच नाही.

तिरकस:
कपाटाचं वाचून गप्प झालो. उसनं हा शब्द मागे घेतो. अशा रचनांचा संशय अजूनही आहे, पण तो तुमच्यावर नाही.

सोनचाफा:
मी मात्र काही मागे घेत नाहीये हां. सगळे इतके समजूतदार झाले तर धागा कसा चालणार. चिरकलेला सूरच मला जास्त खरा वाटतो, मग तो थंडीने चिरको नाहीतर आणि कशाने.

शंकासुर:
सोनचाफा, म्हणजे थंडीलाही मानधन द्यायचं म्हणा.

युफोनियम_निवृत्त:
ताई, मुलीचं वाचलं. त्यावर काही लिहित नाही.

कामाचं सांगतो. रडू येणार हे माहीत असलेली जागा आधीच पानावर पेन्सिलने खुणवायची. त्याच्या दोन बार आधी नाकाने नाही, तोंडाने पोटभर श्वास घ्यायचा, कारण रडू आलं की पहिलं नाक बंद होतं. आणि आकडे मनात मोजायचे नाहीत, मन तेव्हा जागेवर नसतं. बुटाच्या आत उजव्या पायाच्या अंगठ्याने मोजायचे. बाहेरून कोणाला दिसत नाही. आमच्या बँडमध्ये निम्मे लोक असंच करायचे, पण कशासाठी ते कोणी कोणाला विचारायचं नाही.

तिसरी_क्लॅरिनेट:
काका, कॉन्सर्टचे बूट पुढून निमुळते आहेत, अंगठा हलतच नाही. मंगळवारच्या आधी दुसरे घेते.