प्रतिसाद: टा १८३ वर सहा एमके १०३ बसतील का?

टा १८३ (दुसऱ्या महायुद्धातलं आराखड्यावरच राहिलेलं जर्मन जेट लढाऊ विमान) च्या मॉडेलच्या नाकात सहा एमके १०३ (३० मिमीच्या विमानतोफा) बसवायची तुमची कल्पना कागदावर भारी दिसते, पण आधी एकदा मोजपट्टी लावा. एमके १०८, म्हणजे त्याच ३० मिमीची आखूड तोफ, जेमतेम एक मीटर लांब, म्हणजे १/७२ मापाच्या मॉडेलमध्ये साधारण १५ मिमी. एमके १०३ सव्वादोन मीटरच्याही पुढे, म्हणजे ३२ मिमी! शिवाय वजन दुपटीहून जास्त. मूळ आराखड्यात चार एमके १०८ होत्या त्या उगाच नाही. एमके १०८ चा कमी वेगाचा गोळा आराखडा करणाऱ्यांनी पत्करला तो जागा आणि वजन वाचवायलाच. एमके १०३ हवीच असेल तर दोनवर थांबा, आणि नळ्या नाकाबाहेर आलेल्या दाखवा.

आर४एम रॉकेटं (विमानातून विमानावर सोडायची) मात्र बिनधास्त लावा. मेसरश्मिट २६२ या जर्मन जेट विमानावर ती प्रत्येक पंखाखाली १२, लाकडी रॅकवर असत. फक्त रॉकेटच्या शेपटीचे पंख उघडे चिकटवू नका, ते सुटल्यावर उघडायचे. या मापात रॉकेटची जाडी पाऊण मिमी येते, ताणलेला स्प्रू (किटच्या सुट्या भागांना जोडणारी प्लास्टिकची काडी, गरम करून ताणलेली) पुरेसा आहे.

एक्स-४ बद्दल वर कुणीतरी विचारलंय. ते तारेने चालवायचं क्षेपणास्त्र. तारेची रिळं त्याच्याच दोन पंखांच्या टोकांना असत, तेवढे फुगवटे विसरू नका, बहुतेक जण विसरतात. आणि विमान उडवता उडवता एकट्या वैमानिकाने तेही हाकायचं, हे काही मला पटत नाही. काल्पनिकच करायचं तर दोन आसनी विमान घ्या ना, मागचा माणूस कामाला लागेल.