प्रतिसाद : कार्यगटात रुग्णही हवेत

अमेरिकेतील सामुदायिक आरोग्य केंद्रांच्या संघटनेत धोरण सुचवण्यासाठी सदस्य केंद्रांच्या प्रतिनिधींचे कार्यगट असतात; ते म्हणजे निव्वळ कागदी घोडे, असे एक मत मांडले गेले आहे. ते मला अर्धेच पटते. या केंद्रांना ‘३४०बी’ या १९९२ च्या कायदेशीर तरतुदीमुळे औषधे सवलतीच्या दरात मिळतात आणि त्यातून उरणारा पैसा विमा नसलेल्या रुग्णांच्या सेवेवर खर्च करता येतो. परंतु २०२० पासून अनेक औषध कंपन्यांनी केंद्रांशी करार केलेल्या बाहेरच्या औषध-दुकानांमार्फत होणाऱ्या या पुरवठ्यावर मर्यादा घातल्या. ज्या केंद्राचे स्वतःचे औषधालय नाही, त्याला ही अट नेमकी कोठे जाचते, हे राजधानीत बसून मसुदा लिहिणाऱ्याला कळणे अवघड. ते रोज खिडकीपाशी रुग्णाला औषधाची किंमत सांगणाऱ्यालाच ठाऊक असते, आणि हा तपशील धोरणात उतरवण्यासाठी कार्यगटासारखा दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. केंद्राच्या नियामक मंडळात किमान ५१ टक्के सदस्य तेथेच उपचार घेणारे असावेत, असे कायदा सांगतो. कार्यगटांवर मात्र असे बंधन नाही. त्यामुळे तेथे अधिकाऱ्यांचाच आवाज मोठा होण्याचा धोका राहतो, आणि फिरत्या पाळीत काम करणाऱ्या रुग्णाला उपचारासाठी सोयीची वेळ कोणती, यासारखा साधा प्रश्न अनुदानाच्या चर्चेत सहज मागे पडतो.